जळगावात ट्युलिपला पांघरूण

गेल्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याने आमच्या जळगावच्या घरामागे, चार बाय दहा फुटांच्या वाफ्यात, चाळीस कंद पुरले आणि त्यांना थंडी वाजू नये म्हणून वरून वीतभर पांघरूण घातलं. हे मी गावात कुणालाही सांगितलं की तो आधी हसतो आणि मग काळजीने ह्यांची तब्येत विचारतो. तब्येत ठणठणीत आहे. बिघडलं होतं ते वेगळंच, आणि ते तीन वर्षं बिघडलेलं होतं.

आधी आमच्या थंडीबद्दल सांगते. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी बाराला आंघोळीला काढलं तर त्यात थंड पाणी विसणावं लागतं. उन्हाला आम्ही सारे मिळून घाबरतो, त्यात जातपात किंवा पक्ष येत नाही. थंडी म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीतले वीस-पंचवीस दिवस, तेही पहाटेपुरते. तेवढ्यासाठी लोक ट्रंकेतून स्वेटर काढतात, घालतात, एकमेकांना दाखवतात आणि नऊ वाजता उकडतंय म्हणून कमरेला बांधतात. अशा गावात जमिनीखालच्या कांद्याला गारठा लागेल म्हणून झोप उडवून घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पण ह्यांच्याशी वाद घालायचा नाही, हे मी लग्नानंतर दोन वर्षांत शिकले. शाळेत पस्तीस वर्षं मी पोरांना शिकवलं, घरात मात्र विद्यार्थीच राहिले.

कंद आले हिमाचलातून. आमची एकुलती एक मुलगी शेतकी शिकली, तिकडच्या एका फुलांच्या रोपवाटिकेत नोकरीला लागली आणि तीन वर्षांपूर्वी तिथल्याच एका मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न करून मोकळी झाली. आम्हाला फोन दुसऱ्या दिवशी आला. आधी विचारलं असतं तर आम्ही नाही म्हटलं असतं, हे तिला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही माहीत होतं. मी चार दिवस रडले, पाचव्या दिवशी तिला विचारलं की तिकडे गहू मिळतात का, आणि आमचं पूर्ववत सुरू झालं.

ह्यांची अडचण निराळी होती. ह्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे आबांनी, धुळ्याच्या एका घरी तिच्या लग्नाचा शब्द दिलेला होता. आबा चोपड्याकडे केळी करतात. साऱ्या भाऊबंदकीत त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तो शब्द परत घ्यायला दोघे भाऊ धुळ्याला गेले. त्या घरच्यांनी चहा दिला, शेव दिली आणि एक अक्षर बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हे एकदाच म्हणाले. परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत आबा बोलले नाहीत आणि पारोळ्यानंतर हे बोलले नाहीत. घरी आल्यावर ह्यांनी मुलीच्या बाबतीत जी मिठाची गुळणी धरली ती धरलीच. फोनवर तिच्याशी बोलायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही. जावयाला तर नावच नव्हतं. लागलंच तर ‘तिकडचा’ एवढं म्हणायचे.

आता हे सगळं कडक पाळलं असतं तर मीही मान दिला असता. पण दर रविवारी सकाळी अकराला मुलीचा फोन यायचा तेव्हा हे बरोबर त्याच खोलीत पेपर घेऊन बसायचे. मी फोन स्पीकरवर ठेवायची, कारण मला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. माझे दोन्ही कान शाबूत आहेत हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. ह्यांच्या हातात पुरवणीचं एकच पान पाऊण तास असायचं. फोन ठेवला की पेपरामागून आवाज यायचा, की ज्यांना सर्दी आहे त्यांनी दही खाऊ नये असं कुणीतरी सांगायला हवं. मग पुढच्या रविवारी मी ते सांगायची. मुलगी म्हणायची, बाबांना सांग, नाही खाल्लं. बाबा चार फुटांवर बसलेले असायचे. तीन वर्षं मी असं टपालखातं चालवलं, बिनपगारी.

नवरात्र संपता संपता तिचं पार्सल आलं. आत जाळीच्या पिशवीत चाळीस कंद, दिसायला थेट आपले कांदे, आणि माझ्या नावाने चिठ्ठी. कंद ट्युलिपचे आहेत, हे फुलतात वसंतात, पण त्याआधी त्यांना हिवाळा भोगावा लागतो. जळगावात हिवाळा नाही, म्हणून आधी दोन महिने फ्रिजमध्ये ठेव. थंडी पडली की सहा इंच खोल लाव आणि वरून वाळल्या गवताचा वीतभर थर दे. तिची सासू तिकडे दर हिवाळ्यात असंच करते, बर्फ पडायच्या आत कंद झाकून घेते. खाली एक ओळ होती, की फ्रिजमध्ये कंदांशेजारी पिकणारं फळ ठेवू नको, नाहीतर आतलं फूल मरतं.

चिठ्ठी मी फ्रिजच्या दारावर चिकटवली आणि आंघोळीला गेले. परत आले तर हे चष्मा लावून फ्रिजसमोर उभे. हे आयुष्यभर पाटबंधारे खात्यात होते, कालव्यावर. लेखी सूचना दिसली की ह्यांचा मणका आपोआप ताठ होतो. म्हणाले, तुझ्या हातून हे चुकेल. मी म्हटलं, चुकेल. तेव्हापासून कंद ह्यांच्या ताब्यात गेले. ते कुणी पाठवले हा विषय निघाला नाही. जसे काही ते खात्यामार्फत आले होते.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या फ्रिजने जे पाहिलं ते कुठल्या फ्रिजच्या नशिबी येऊ नये. मधला कप्पा कंदांचा. पेरू बाहेर, सीताफळ बाहेर, टोमॅटोसुद्धा संशयित म्हणून खाली ओट्यावर. आबांनी मळ्यातून केळीचा घड पाठवला तर ह्यांनी तो स्वयंपाकघरातही येऊ दिला नाही, जिन्याखाली टांगला. ज्या जिल्ह्यात केळीवर बंगले उभे राहिले तिथे आमच्या घरात केळीला मज्जाव. समोरच्या मारवाडी भाभी उन्हाळ्यापासून आपलं दूध माझ्या फ्रिजमध्ये ठेवायच्या, त्यांचा फ्रिज बिघडला होता. त्या जैन, घरात कंदमुळाला शिवायचं नाही. एके दिवशी त्यांनी दार उघडलं, चाळीस कंद पाहिले, माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी नवा फ्रिज आणला.

डिसेंबरच्या मध्यावर पहाटे जरा गारवा पडला तसे हे कामाला लागले. वाफा खणला, वाळू मिसळली, दोरी लावून ओळी आखल्या. प्रत्येक खड्ड्यात लाकडी पट्टी उभी करून सहा इंच मोजले. साडेपाच भरले की पुन्हा खणायचं. मी गच्चीवर कपडे वाळत घालताना वरून पाहत होते. ह्यांनी कालव्याची खोली इतक्या निष्ठेने मोजली असती तर शेवटच्या गावापर्यंत पाणी पोचलं असतं, असं मनात आलं, पण बोलले नाही. कारण प्रत्येक कंद ठेवताना ह्यांचा हात जसा हलका होत होता तसा मी तो फक्त एकदाच पाहिला होता, मुलगी आठ दिवसांची असताना.

मग पांघरुणाचा प्रश्न आला. तिकडे देवदाराखाली सुयांसारखा पाला पडतो, सासूबाई तो गोळा करतात. आमच्या कॉलनीत पडतात त्या गुटख्याच्या पुड्या. गवत विकत मिळेना, मिळालं ते ओलं. शेवटी ह्यांनी आबांना फोन केला. म्हणाले, वाळलेला केळीचा पाला पाठवा आणि वरून दाबायला कपाशीच्या काड्या पाठवा, दोन भारे पुरेत. एवढंच बोलले. कशासाठी ते सांगितलं नाही, कारण कंद म्हटलं की कुणाचे हे आलं असतं, आणि ज्या भावाचा शब्द मुलीने पाडला त्याच्यासमोर तिचं नाव कसं घ्यायचं? आबांनीही विचारलं नाही. आमच्याकडे डिसेंबरात जेव्हा शहरातला भाऊ कपाशीच्या काड्या मागतो तेव्हा विचारण्यासारखं काही उरतच नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं, आणि तो दोष माझाच.

बुधवारी गाडीतून पाला आणि काड्या आल्या. ह्यांनी पाल्याची पानं एकेक करून अंथरली, जशी लग्नात पंगतीला पत्रावळ मांडतात तशी. त्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून काड्या, आडव्या-उभ्या, झकास रचून. पाणी द्यायचं ते पाइपचं तोंड पाल्याखाली सरकवून, म्हणजे पांघरूण कोरडं राहील. मी म्हटलं, वरून शिंपडलं तर काय होईल? म्हणाले, पांघरूण कुणी ओलं करतं का? त्या रविवारी मी मुलीला हसत हसत विचारलं, की बाई, इथे गारठा कुठे आहे, हे झाकायचं कशाला. ती म्हणाली, इकडे झाकायचं थंडीपासून आणि आपल्याकडे झाकायचं उन्हापासून. माती आहे तशी राहिली पाहिजे, वर काही का होईना. पेपरामागे कुणीतरी हुं म्हटलं.

रोज सकाळी हे गळ्यात मफलर अडकवून मागे जायचे, पाल्याचा एक कोपरा उचलून बघायचे आणि पुन्हा नीट खोचायचे. दोन आठवडे काही नाही. मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात खुरपं, चेहऱ्यावर लपवता न येणारं काहीतरी. म्हणाले, “अकरा निघालेत. तिला सांग.”

तीन वर्षांत पहिल्यांदा ‘कुणीतरी सांगायला हवं’ नव्हतं, ‘तिला’ होतं. मी चहात साखर दोनदा घातली. त्या रविवारी फोनवर मी अकरा कोंब सांगितले तेव्हा हे पेपर ठेवून सोफ्याच्या माझ्याकडच्या टोकाला येऊन बसले. मुलगी विचारत होती की कोंब किती मोठे, रंग कसा, आणि मी मुद्दाम अडखळत होते, मला काय कळतंय म्हणून. ह्यांचे ओठ हलले. बोलले मात्र नाहीत. मी ठरवलं की पुढच्या रविवारी फोन सरळ ह्यांच्या हातात द्यायचा. आता एवढाच पूल होता दोघांत, चाळीस कांद्यांचा, आणि तो टिकला पाहिजे असं मला फार वाटत होतं. देवाजवळ मी त्या आठवड्यात त्या कांद्यांसाठी दिवा लावला. हसायचं असेल तर हसा.

पुढचा रविवार म्हणजे संक्रांतीच्या आधीचा. सकाळी दहाला दारात आबांची गाडी. आबा उतरले, मागून माझ्या जाऊबाई उतरल्या, आणि मग वीस वांगी उतरली, हिरवी, पोसलेली, एकेक अर्ध्या किलोची. न कळवता. पण त्यात न कळवण्यासारखं काय होतं? आबांच्या हिशेबी बोलावणं आम्हीच केलं होतं. खान्देशात हिवाळ्यात भरीत होतं, ते वांगी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजून होतं, आणि धाकट्या भावाने काड्या मागवल्या म्हणजे तो भरताला या म्हणतो आहे, तोंडाने म्हणायला लाजतो आहे. याहून सरळ अर्थ निघू शकत नाही. आबांनी तर जाऊबाईंना वाटेत सांगितलं म्हणे, की धुळ्याच्या त्या प्रकरणानंतर धाकला आपल्याला तोंड चुकवत होता, आता त्यानेच हात पुढे केला.

पाहुणे आले म्हटल्यावर हे पिशवी घेऊन कांद्याची पात आणि मिरच्या आणायला बाजारात गेले. मी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पुऱ्यांचं पीठ भिजवायला घेतलं, जाऊबाई लसूण सोलायला बसल्या. आबा म्हणाले, तुम्ही तुमचं करा, वांग्याचं मी पाहतो, आणि वांगी घेऊन मागे गेले. मागे त्यांना काय दिसलं ते त्यांच्या जागी उभं राहून बघा. आखीव वाफा. त्यावर कोरडा ठणठणीत केळीचा पाला, वीतभर. त्यावर त्यांच्याच शेतातल्या काड्या, आडव्या-उभ्या रचलेल्या, खालून हवा खेळेल अशा. आबांना भावाचा अभिमान वाटला. त्यांनी वांग्यांना तेलाचा हात लावला, ती ओळीने मांडली आणि काडी ओढली.

वास मला आला तो खमंगच आला. मी क्षणभर खुश झाले हेही सांगून टाकते. मग हातातलं पीठ घेऊन तशीच मागे धावले. ज्वाळा माझ्या कमरेइतक्या. आबा धोतराचा सोगा खोचून, लांब काडीने वांगी फिरवत, घामाघूम आणि प्रसन्न. ओरडून उपयोग नव्हता. आबा आनंदाने म्हणाले, “काय झकास रचेल शे वं. बठ्ठं कसं कोल्लं.” बठ्ठं म्हणजे सगळं, कोल्लं म्हणजे कोरडं. ते कोरडं ठेवायला ह्यांनी किती कष्ट घेतले होते हे मलाच ठाऊक होतं.

हे परत आले तेव्हा जाळ बसत आला होता. हातात पातीची जुडी. वाफ्याच्या कडेला उभे राहिले, बघितलं. मला वाटलं आता भावाभावांत जन्माचं वाजणार. पण हे खाली बसले, काडीने राख जरा बाजूला केली. जिथे अकरा कोंब होते तिथे काळे ठिपके होते, मोजून अकरा. वांगी मात्र अशी भाजली गेली होती की तसं भरीत मी आयुष्यात दुसरं खाल्लं नाही, हे खरं असल्यामुळे सांगावं लागतं.

आबांना काहीतरी चुकलं एवढं कळलं. काय शे रे, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. ह्यांनी पातीची जुडी खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, तिला विचार, खालचे कंद जगतील का.

आणि तिथे मला राग आला. तीन वर्षांचा साठलेला, राखेच्या वासासकट. चार फुटांवरून चालणाऱ्या त्या निरोपांचा, दह्याचा आणि सर्दीचा, माझ्या न बिघडलेल्या कानाचा. मी म्हटलं, मी नाही विचारणार. कंद तुम्ही लावले, पट्टी तुमची, काड्या तुम्ही मागवल्या. मला विचारलेलं कळणार नाही आणि सांगितलेलं समजणार नाही. तुम्ही विचारा.

“कोणले विचारनं शे?” आबांनी मला विचारलं.

मी सांगून टाकलं, की कंद आपल्या पोरीने पाठवलेत. हे खाली मान घालून बसले होते, जसं काही चोरी उघडी पडली. आबांना यात अडकण्यासारखं काय आहे तेच कळेना. मग लाव फोन, म्हणाले. तेव्हा ह्यांच्या तोंडून ती गुळणी सुटली, मुलीसाठी नाही, भावासाठी. म्हणाले, मी तिच्याशी बोलत नाही आबा, धुळ्यात तुमचा शब्द पडला तेव्हापासून बोललो नाही. तुम्हाला खाली बघायला लावणाऱ्या पोरीशी मी कसा बोलू?

आबांनी हातातली काडी खाली टाकली. “येडा शे का तू?” ते म्हणाले. “मी तं तिनासंगे दर दिवाळीले बोलस.”

जाऊबाई मागच्या पायरीवर येऊन उभ्या होत्या. त्यांनी लसणाचा हात पदराला पुसला आणि शांतपणे भर घातली, “जवाई बी बोलतस. हिंदीमा.”

झालं होतं असं, की लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला पोरीने आबांना फोन करून माफी मागितली होती. आबांनी तिला दोन शिव्या घातल्या, मग आशीर्वाद दिला, मग तिकडे सफरचंदाला भाव काय आहे ते विचारलं. शेवटी बजावलं, की हे तुझ्या बापाला सांगू नको, तो आधीच दुखावलेला आहे, त्याला वाटेल आबा आपल्यावर कुरघोडी करतो. म्हणजे धाकटा थोरल्याचा मान राखायला गप्प होता आणि थोरला धाकट्याचं मन राखायला लपवत होता. आणि मी, जी स्वतःला टपालखातं समजत होते, तिच्या पाठीमागे दुसरं टपाल राजरोस चालू होतं. मुलीने मलासुद्धा कळू दिलं नाही. आमच्या घराण्यात सगळे एकमेकांना इतके जपतात की त्यात एखादा मेला तरी कळू देणार नाहीत.

हे उठले नाहीत. सुंभ जळलं तरी पीळ जळत नाही म्हणतात, आणि ह्यांचा पीळ मी चाळीस वर्षं पाहिला आहे. मी पिठाच्या हाताने फोन लावला, घंटा वाजायला लागली तसा ह्यांच्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरले. अकरा वाजतच आले होते, ती फोन करायच्या तयारीतच असणार.

“हं आई, बोल,” ती म्हणाली. स्पीकर चालू होता, सवयीने.

वाफ्यात कुठेतरी एक काडी तडतडली.

“कंद जळाले,” हे म्हणाले.

मला वाटलं ती रडेल. पण ती ह्यांचीच मुलगी. तिने विचारलं, खोल किती लावले होते. हे म्हणाले, सहा इंच, पट्टीने. तिने विचारलं, आग किती वेळ होती. ह्यांनी आबांकडे पाहिलं, आबा म्हणाले वीस वांगी भाजेपर्यंत, आणि ह्यांनी तेच जसंच्या तसं, गंभीरपणे, हिमाचलला कळवलं. मग पलीकडून जे हसू आलं ते ऐकून जाऊबाई डोळे पुसायला लागल्या. माझंही तेच झालं, पण माझ्याकडे धुराचं निमित्त होतं.

ती सांगत गेली. माती उष्णता खाली जाऊ देत नाही, सहा इंचांवर कंदाला काही झालेलं नसेल. लगेच गार पाणी ओतू नका, राख निवू द्या, मग हलक्या हाताने झाडा आणि पुन्हा झाका. जे कोंब वर आले होते त्यांची फुलं गेली, त्यांचं वाईट वाटून घेऊ नका. जे अजून खाली आहेत ते येतील. वरचं जळलं म्हणजे खालचं मेलं असं नसतं. मी भाषा शिकवलेली बाई आहे, असल्या वाक्याचा दुसरा अर्थ मला लांबून दिसतो. पण ते दोघं वीस मिनिटं फक्त कांद्यांबद्दल बोलत होते, मनापासून, आणि दुसऱ्या अर्थाची त्यांना गरज पडली नाही. तिचं म्हणणं पुढे खरंही ठरलं. फेब्रुवारीत सतरा फुलली. लाल होती, वास काही नाही. समोरच्या भाभींनी हात लावून पाहिलं आणि प्लास्टिकची नाहीत ना, असं विचारलं.

त्या दिवशी मात्र ते कुणालाच माहीत नव्हतं. राखेतून अजून धूर निघत होता. आबा नव्या काड्यांची गाडी उद्याच पाठवतो म्हणून मध्येच ओरडत होते. हे वाफ्याच्या कडेला उकिडवे बसलेले, फोन दोन्ही हातांत धरलेला. माझ्याकडे परत द्यायचं लक्षण दिसेना.

“आणि नाहीच आले बाबा,” मुलगी म्हणाली, “तर पुढच्या वर्षी मी दुसरे पाठवते.”

“पाठवू नको,” हे म्हणाले.

मी डोळे मिटले. आबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि जाऊबाईंनी त्यांचा हात दाबला.

ह्यांनी घसा खाकरला. “कुरिअरने पाठवू नको,” हे म्हणाले. “तुम्ही दोघं घेऊन या.”